पडलेला रोलचा कॅमेरा: दुरुस्तीला देण्याआधी आणि परत नेल्यावर

कॅमेरा पडल्यावर रोल पुढे सरकवायची लिव्हर ओढून पाहू नका, शटरचं बटणही दाबू नका. पडल्यामुळे होणारं नुकसान पुष्कळदा थोडकं असतं: एखादा स्क्रू सुटतो किंवा वरचा पत्रा पोचून आतल्या दांड्याला घासायला लागतो. पण जोर लावून लिव्हर ओढली की तोच सुटा स्क्रू दातेरी चाकांत जाऊन बसतो आणि चाकाचा दात मोडतो. या कॅमेऱ्यांचे नवे सुटे भाग आता तयार होत नाहीत. एका मोडक्या दातासाठी त्याच मॉडेलचा दुसरा बंद कॅमेरा शोधावा लागतो. खर्च वाढतो तो असा.

आत रोल असेल तर मागचं झाकण उघडू नका. ३५ मिमीचा रोल परत गुंडाळता येतो, त्याने शटरला धक्का लागत नाही. तळाचं छोटं बटण दाबा आणि वरची मूठ बाणाच्या दिशेने सावकाश फिरवा. आधी ओढ जाणवेल, मग एकदम हलकं लागेल. त्यानंतर आणखी दोन वेढे द्या. मूठ अडली तर तिथंच थांबा. रोलसकट कॅमेरा द्या, आम्ही काळ्या पिशवीत हात घालून रोल काढतो. याशिका मॅटमधला १२० चा रुंद रोल मागे गुंडाळता येत नाही, म्हणून तो आहे तसाच राहू द्या. सेल मात्र काढून ठेवा.

पावती लिहिताना आम्ही काय विचारतो

कॅमेरा किती उंचीवरून पडला, फरशीवर की मातीत, आणि कोणता कोपरा आधी टेकला. शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. रोल गुंडाळायच्या मुठीकडचा कोपरा चेपला असेल तर मुठीचा दांडा घासतो. पेंटॅक्स के १००० चा मधला उंचवटा पोचला असेल तर खालच्या प्रिझमला, म्हणजे चित्र डोळ्यापर्यंत आणणाऱ्या काचेला, तडा गेला आहे का, ते पाहावं लागतं. कॅमेऱ्याला डोळा लावल्यावर आडवी काळी रेघ दिसते ती बहुधा त्याचीच. तडकलेलं प्रिझम जोडता येत नाही, बदलावंच लागतं. काळ्या मातीत पडलेल्या लेन्सची रिंग फिरवताना करकर वाजत असेल तर ती फिरवू नका. कण पेचांत असतात आणि प्रत्येक फेऱ्याला धातू खरवडतात.

कॅमेरा तोंडावर, म्हणजे लेन्सवर पडला असेल, तर ते सगळ्यांत नाजूक काम. लेन्स बसते त्या कड्यापासून फिल्मपर्यंतचं अंतर ठरलेलं असतं: पेंटॅक्समध्ये ४५.४६ मिमी, निकॉनमध्ये ४६.५ मिमी. ५० मिमी एफ २ ची लेन्स पूर्ण उघडी असताना हे अंतर ०.०६ मिमीने चुकलं तरी फोटो मऊ यायला लागतो. वहीचा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो, त्यावरून अंदाज करा. डोळ्यांना कडं सरळच दिसतं, म्हणून आम्ही ते डेप्थ गेजने चार बाजूंनी मोजतो आणि चार मापांत ०.०२ मिमीपेक्षा जास्त फरक राहू देत नाही.

बिघाड कुठं आहे हे फोटोच सांगतो. डोळा लावून पाहताना चोख दिसलं आणि सगळा फोटो अस्पष्ट आला, तर आरसा किंवा फोकसची काच जागेवरून हलली आहे. फोटोची एक बाजू चोख आणि दुसरी मऊ आली, तर लेन्स किंवा तिचं कडं कललं आहे. याशिका इलेक्ट्रो ३५ सारख्या, आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात दूरच्या वस्तूच्या दोन प्रतिमा मधल्या पिवळ्या चौकटीत एकमेकींवर बसायला हव्यात. त्या बसत नसतील, तर शेजारी-शेजारी दिसतात की वर-खाली, एवढं सांगा. दोन्हींचे स्क्रू वेगळे असतात.

याशिका मॅट १२४ जी

आपल्याकडच्या जुन्या स्टुडिओंमधून येणाऱ्या या कॅमेऱ्याबद्दल थोडं जास्त लिहितो. याच्या दोन्ही लेन्स, वरची पाहायची आणि खालची फोटो काढायची, एकाच पाटीवर असतात आणि फोकस करताना ती पाटी पुढे-मागे सरकते. कॅमेरा पुढच्या अंगाने पडला की पाटी एका कोपऱ्यात दबते. फोकसची मूठ एका जागी जड आणि दुसऱ्या जागी हलकी फिरते, ही त्याची खूण. तपासणीसाठी मागचं झाकण उघडून, फिल्म जिथे टेकते तिथे घासलेली काच ठेवतो, शटर ‘बी’वर उघडं धरतो, ॲपर्चर ३.५ वर ठेवतो आणि लांबची पाण्याची टाकी किंवा जिनिंगची चिमणी दहापट भिंगातून चारही कोपऱ्यांत पाहतो. पाटी सरळ झाल्यावरच वरची लेन्स फिरवून खालच्या लेन्सशी जुळवायची. आधी वरची जुळवली तर सगळं काम पुन्हा करावं लागतं. या कॅमेऱ्याचा उजेड मोजायचा मीटर चुकतो, त्याचा दोष पडण्याला देऊ नका: तो १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर बेतलेला आहे आणि आज बाजारात १.५ व्होल्टचा सेल मिळतो.

अडकणाऱ्या शटरचंही असंच. चंद्रपूरकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. टिनाच्या छपराखालच्या आलमारीत लेन्समधलं ग्रीस पातळ होतं आणि त्यातलं तेल शटरच्या पात्यांवर पसरतं. पाती कोरडीच हवीत. तेल लागलं की ती एकमेकींना चिकटतात, आणि हे पडल्यानंतर लक्षात येतं एवढंच. त्यावर शिलाई मशीनचं तेल किंवा गंज सोडवायचा स्प्रे कृपा करून मारू नका. एका थेंबाने अर्ध्या तासाचं काम दोन दिवसांचं होतं, कारण मग सगळं शटर सुटं करून नॅप्थाने धुवावं लागतं.

फिल्टरची रिंग पोचली असेल तर ती पकडीने वाकवू नका. लेन्स व्हाइसने आतून दाब देऊन गोल करता येते. घरी स्क्रू उघडायचा मोहही आवरा: जपानी कॅमेऱ्यांच्या स्क्रूंची चौफुली बाजारातल्या साध्या चारपाती पेचकसाला नीट बसत नाही आणि डोकी गुळगुळीत होतात. आतच फ्लॅश असलेला छोटा कॅमेरा तर अजिबात उघडू नका. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये सेल काढल्यावरही ३०० व्होल्टच्या आसपास दाब राहू शकतो.

एसटीच्या पार्सलने पाठवताना

कॅमेरा मोकळ्या कापसात किंवा कुटारात गुंडाळू नका. घरात कापूस असतो, मऊ असतो, म्हणून तोच हाताशी येतो. पण त्याचे तंतू शटरच्या पडद्यात आणि लेन्सच्या पेचांत शिरतात. आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा, मग जुनं धोतर किंवा टॉवेल गुंडाळा, आणि खोक्यात सगळीकडून चार बोटं जागा भरलेली राहू द्या. लेन्स निघत असेल तर वेगळी ठेवा. झड लागलेली असताना सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका.

कॅमेरा उघडून पाहिल्यावर खर्च फोनवर सांगतो आणि तुम्ही हो म्हटल्यावरच पुढचं काम करतो. चालू स्थितीतला दुसरा कॅमेरा दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडत असेल तर तेही सांगतो. वडिलांच्या हातचा कॅमेरा असेल तर हिशेब वेगळा असतो, तो तुम्हीच ठरवायचा. बदललेले भाग पुडीत बांधून परत मिळतात.

परत नेल्यावर पहिला रोल लग्नात वापरू नका. तीन प्रकारचे फोटो काढा: पूर्ण उघड्या लेन्सने लांबच्या टाकीचा, भिंतीला चिकटवलेल्या वर्तमानपत्राचा, दीड मीटरवरून अगदी समोरून, आणि निरभ्र आभाळाचा, सगळ्यांत वेगवान शटरवर. आभाळ एका बाजूला गडद आलं तर पडदे सारख्या गतीने धावत नाहीत. मीटरवर भरवसा नसेल तर भर उन्हात १०० आयएसओच्या रोलला एफ १६ आणि १/१२५ धरा. रोल धुतल्यावर प्रिंट नको, निगेटिव्ह घेऊन या. छिद्रांच्या कडेने काळे पट्टे दिसले तर झाकणातून उजेड शिरतो आहे, तेही त्याच पावतीवर दुरुस्त करून देऊ.