दोराला अडकणारं विमान: विमानवाहू नौकेवर उतरताना काय घडतं

२० जून १९४४. फिलिपाइन समुद्राच्या लढाईत दिवस कलता कलता अमेरिकी विमानवाहू नौकांवरून दोनशेहून अधिक विमानं जपानी ताफ्यावर चालून गेली. शत्रूच्या माऱ्यात त्यांतली सुमारे २० पडली. परतीच्या वाटेवर मात्र सुमारे ८० गेली. इंधन संपलं, अंधारात डेक दिसेना, कुणी समुद्रात उतरलं, कुणी डेकवर आदळलं. पाणबुड्यांचा धोका असूनही ॲडमिरल मार्क मिट्शर यांनी नौकांवरचे दिवे लावायला सांगितले, म्हणून बाकीची विमानं तरी परतली. समुद्रात पडलेल्या वैमानिकांपैकीही बहुतेकांना नंतर उचलता आलं.

विमानवाहू नौका म्हटलं की डोळ्यांपुढे उड्डाण येतं, कारण ते दिसायला भव्य असतं. पण उडालेलं विमान सुखरूप उतरवून पुन्हा उडवता आलं, तरच त्या नौकेला अर्थ आहे. तिची रचना, तिची चाल, तिच्या लढाईचं वेळापत्रक, सगळं या उतरण्याभोवती फिरतं.

अमेरिकेच्या निमिट्झ वर्गाची विमानवाहू नौका सुमारे ३३३ मीटर लांब असते. त्यातला उतरण्याचा पट्टा आणखी आखूड, आणि विमानाखालचा आकडा डेकवर आडव्या ताणलेल्या दोराला अडकल्यावर थांबायला मिळतात जेमतेम १०० मीटर. म्हणून आधी वाऱ्याची मदत घ्यायची. नौका नाक वाऱ्याकडे वळवते आणि वेग वाढवते. समजा विमानाचा हवेतला वेग १३५ नॉट, म्हणजे ताशी २५० किलोमीटर आहे आणि डेकवरून समोरून २५ नॉटचा वारा वाहतो आहे. मग डेकच्या हिशेबात विमान ११० नॉटनेच येतं. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे एवढ्या फरकाने थांबवायची ऊर्जा एक तृतीयांशाने घटते.

याची किंमतही मोजावी लागते. दर मिनिटाला एक या गतीने २० विमानं उतरवायची तर २५ नॉटने धावणारी नौका तेवढ्यात १५ किलोमीटर सरळ रेषेत जाते. दबा धरून बसलेल्या पाणबुडीला याहून सोयीचं काय असणार?

जमिनीवर उतरताना वैमानिक शेवटच्या क्षणी नाक उचलतो आणि चाकं हळुवार टेकवतो. नौकेवर असं केलं तर विमान पुढे तरंगत जातं आणि दोर चुकतात. म्हणून साडेतीन अंशांचा उतार धरून, नाक न उचलता, थेट डेकवर यायचं. वरच्या उदाहरणात खाली येण्याचा वेग सेकंदाला साडेतीन मीटर भरतो. विमान दोन फुटांवरून उभं सोडावं, तेवढा हा धक्का आहे. नौदलाच्या विमानांचे पाय इतके जाडजूड असतात ते यासाठीच.

चूक किती चालते? निमिट्झ वर्गाच्या बहुतेक नौकांवर चार दोर आडवे ताणलेले असतात, एकमेकांपासून साधारण १२ मीटरवर. साडेतीन अंशांच्या उतारावर १२ मीटर म्हणजे उंचीत ७५ सेंटिमीटरसुद्धा नाहीत. तेवढं वर राहिलं की पुढचा दोर लागतो, तेवढं खाली आलं की मागचा. वैमानिक तिसरा दोर धरायला बघतो. पहिला दोर लागला तर विमान नौकेच्या मागच्या कडेला धोकादायकरीत्या जवळून गेलं, असा त्याचा अर्थ. भरीला उतरण्याचा पट्टा नौकेच्या रेषेपासून काही अंश डावीकडे वळलेला असल्यामुळे नौका पुढे जाते तसा तो सतत उजवीकडे सरकत राहतो, आणि नौकेच्या मागे हवा खचलेली असते, ती अगदी शेवटच्या टप्प्यात विमानाला खाली ओढते.

आता दोराकडे. १८ जानेवारी १९११ रोजी युजीन एली सान फ्रान्सिस्कोच्या उपसागरात ‘पेनसिल्व्हेनिया’ या युद्धनौकेवर उतरले, तेव्हा लाकडी फळ्यांच्या पट्ट्यावर आडवे २२ दोर होते आणि प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना वाळूच्या पिशव्या. विमानाखालच्या आकड्यांनी एकेक दोर धरला, पिशव्या फरफटल्या आणि विमान थांबलं. आकड्याने दोर धरायचा आणि दोराने ऊर्जा शोषून घ्यायची ही कल्पना आजही तीच आहे. बदललं आहे ते दोराच्या दुसऱ्या टोकाला जे असतं ते.

आज डेकवर दिसतो तो सुमारे साडेतीन सेंटिमीटर जाडीचा पोलादी तारांचा दोर. खालच्या वाकवलेल्या पट्ट्या त्याला वीतभरापेक्षा कमी उंचीवर उचलून धरतात, म्हणजे आकडा त्याच्याखाली शिरतो. या तुकड्याची दोन्ही टोकं डेकखाली गेलेल्या लांबलचक दोराला जोडलेली असतात. तो दोर कप्प्यांवरून एका यंत्राकडे जातो. तिथे कप्प्यांचे दोन संच असतात, एक स्थिर आणि एक दट्ट्याला बसवलेला. त्यांच्यावर दोराचे इतके वेढे असतात की दोर १८ मीटर ओढला जावा तेव्हा दट्ट्या १ मीटर सरकतो. विमान शंभर मीटर धावतं त्या वेळात दट्ट्या साडेचार-पाच मीटरच आत जातो आणि सिलिंडरमधला द्रव एका अरुंद झडपेतून बाहेर ढकलतो. बहुतेक ऊर्जा या झडपेत उष्णता होऊन संपते. बाकीची हवा दाबण्यात जाते, आणि हीच दाबलेली हवा नंतर दट्ट्याला मागे लोटून दोर पुन्हा जागेवर ओढून घेते.

हे यंत्र साडेबावीस टनांचं, १३० नॉटने आलेलं विमान सुमारे १०५ मीटरमध्ये थांबवू शकतं. त्यात शोषलेली ऊर्जा सुमारे ५ कोटी जूल होते. २० अंशांवरचं दीडशे लिटर पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते तेवढी, आणि ती तीनेक सेकंदांत जिरवायची.

सगळी मख्खी झडपेत आहे. दर विमानाआधी त्याच्या वजनाप्रमाणे ती लावावी लागते. जड विमानाला हलक्याची मांडणी लागली तर दोर नको तितका धावतो आणि विमान कडेपर्यंत जातं. हलक्याला जडाची लागली तर झटका इतका बसतो की आकडा किंवा विमानाचा सांगाडाच तुटावा. शिवाय दोर बाहेर येत जाईल तसतसं झडपेचं तोंड आवळत जातं, त्यामुळे हलकं असो वा जड, सगळी विमानं जवळपास एकाच ठिकाणी थांबतात. डेकवरचा तुकडा साधारण शंभर-सव्वाशे उतरणींनंतर बदलतात. एखादी तार तुटून वर आलेली दिसली तर त्याआधीही.

डेकचा आकार बदलला तोही उतरण्यामुळेच. दुसऱ्या महायुद्धात डेक सरळ होते. उडायची विमानं मागच्या टोकाला रांगेत लावली की उतरायला जागा नाही, आणि उतरलेली पुढे नेऊन ठेवली की आकडा चुकलेलं विमान अडथळ्याच्या तारा तोडून त्यांच्यावरच आदळायचं. ४ जून १९४२ला मिडवेच्या लढाईत या एका डेकने जपानला कात्रीत धरलं. बेटावर हल्ला करून विमानं परतत होती आणि तेवढ्यात अमेरिकी नौका जवळ असल्याची खबर आली. हाताशी असेल ते ताबडतोब उडवा, असा रिअर ॲडमिरल यामागुची यांचा आग्रह होता. व्हाइस ॲडमिरल नागुमो यांनी आधी परतलेली विमानं उतरवून घेतली. दुसऱ्या हल्ल्याची तयारी अर्धवट असताना, साडेदहाच्या आत, अमेरिकी डाइव्ह बॉम्बर, म्हणजे सूर मारून बॉम्ब टाकणारी विमानं, आली आणि काही मिनिटांत अकागी, कागा आणि सोर्यू या जपानी विमानवाहू नौका पेटल्या. खालच्या हँगरमध्ये इंधन भरलेली विमानं आणि बॉम्ब होते, त्यामुळे आगी आवरल्याच नाहीत. नागुमो यांना दोष देणं सोपं आहे. पण डेक एकच असताना त्यांच्यापुढे चांगला पर्याय होता, असं मला वाटत नाही.

यावर तोडगा निघाला १९५१मध्ये. ब्रिटिश नौदलाच्या डेनिस कॅम्बेल यांनी उतरण्याचा पट्टाच काही अंश डावीकडे वळवायची कल्पना मांडली. आता दोर चुकला तर समोर मोकळा समुद्र. म्हणून आजचा वैमानिक चाकं टेकताक्षणी थ्रॉटल पूर्ण पुढे ढकलतो. थांबायचं असताना इंजिनाला पूर्ण जोर द्यायचा हे विचित्र वाटतं, पण आकडा रिकामा गेला तर उडायला लागणारा वेग हाताशी हवाच. त्याच सुमारास निकोलस गुडहार्ट यांनी आरशाचं लँडिंग साधन शोधलं, वैमानिकाला आपली उंची बरोबर आहे का ते दाखवणारं. पहिला प्रयोग त्यांनी टेबलावर हातातला छोटा आरसा ठेवून आणि त्यावर लिपस्टिकची रेघ ओढून दाखवला होता. दिव्याचं प्रतिबिंब रेघेच्या वर गेलं तर तुम्ही जास्त उंचीवर आहात, खाली आलं तर कमी. आता आरशाऐवजी भिंगं असतात, तत्त्व तेच.

उड्डाणाचं गणित त्यामानाने सरळ आहे. विमानाला पुढे भिरकावणारं वाफेचं यंत्र, म्हणजे कॅटपल्ट, सुमारे ९५ मीटरमध्ये विमानाला ताशी २६५ किलोमीटरपर्यंत नेतं. ‘फोर्ड’ या अमेरिकी नौकेवर त्या जागी विद्युतचुंबकीय यंत्र आलं. ‘विक्रमादित्य’सारख्या नौकांवर कॅटपल्टच नाही, पुढचं टोक वर वळवलेलं आहे. उडताना वेग थोडा कमी पडला तरी वर फेकलं गेल्यामुळे विमानाला तो भरून काढायला वेळ मिळतो. म्हणजे कॅटपल्ट वगळून चालतं. ‘मिग-२९के’सारखं विमान उतरवायचं, तर दोर तिथेही लागतातच.

१८ मार्च २०१६ रोजी ‘आयझेनहॉवर’ या अमेरिकी नौकेवर एक ई-२सी हॉकआय विमान उतरलं. आकड्याने दोर बरोबर धरला, पण तोंड आवळत जाणारी ती झडप नीट जुळलेली नव्हती. आदल्या देखभालीत एक-दोन पायऱ्या सुटल्या होत्या. यंत्राने विमानाचा वेग पुरेसा कमी केलाच नाही, दोर ताण न सोसून तुटला आणि त्याचं मोकळं टोक डेकवरून सपकन फिरलं. आठ खलाशी जखमी झाले. विमान तिरक्या डेकच्या कडेवरून खाली गेलं, डेकवरच्यांना दिसेनासं झालं. पण थ्रॉटल आधीच पूर्ण पुढे होतं. पाण्याला टेकायला थोडंच अंतर उरलं असताना ते सावरलं, वर आलं आणि किनाऱ्यावरच्या धावपट्टीवर जाऊन उतरलं.