दोन मिनिटांची फिल्म, दोन तासांचं भांडण

समजा, नववीच्या पाच जणांना सांगितलं : १९७२ च्या दुष्काळावर दोन मिनिटांची फिल्म करा. एकाने आजीचं बोलणं मोबाइलवर टेप करून आणलं : मिलोची लाल भाकरी, सुकडी, खडी फोडायचं काम. दुसरीने नेटवरून भेगाळलेल्या जमिनीचा झकास फोटो घेतला. तिसऱ्याने निवेदन लिहिलं, ‘त्या वर्षी पाऊस पडलाच नाही.’

चौथी म्हणाली, “पडलाच नाही, की कमी पडला? आणि हा फोटो आपल्याकडचा कशावरून?”

इथे बाईंनी मध्ये पडू नये. ज्याला आपण चिकित्सक विचार म्हणतो, तो हाच. निबंधात ‘पडलाच नाही’ खपून जातं; फिल्ममध्ये प्रत्येक वाक्याला चित्र शोधावं लागतं, आणि शोधताना पुरावा आहे की नाही ते उघडं पडतं.

छोट्या फिल्ममधून गोष्ट सांगायची ही पद्धत, म्हणजे ‘डिजिटल स्टोरीटेलिंग’, १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियात जो लॅम्बर्ट, डेना अ‍ॅचली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुजवली. तिचा गाभा संगणकाआधीचा आहे. सगळ्यांनी गोल बसायचं, कच्ची गोष्ट वाचून दाखवायची, इतरांनी प्रश्न विचारायचे. मग कात्री. दोन-तीन मिनिटांत जेमतेम पानभर मजकूर बसतो, त्यामुळे काय ठेवायचं यावर वाद होतोच. अ‍ॅप कुठलंही चालतं.

तैवानमध्ये दहावीच्या ११० विद्यार्थ्यांवर वर्षभर एक प्रयोग झाला. निष्कर्ष २०१२ मध्ये आले. इंग्रजीच्या तासाला एका वर्गाने अशा फिल्मी गोष्टी तयार केल्या, दुसऱ्या वर्गाला तंत्रज्ञानाची जोड देऊन नेहमीसारखं शिकवलं. गोष्टीवाला वर्ग इंग्रजीत, चिकित्सक विचारात आणि शिकण्याच्या ओढीत पुढे राहिला. वर्ग दोनच होते, तेव्हा फार हुरळून जायला नको.

गटकामाचं दुखणं मात्र जुनंच : एक हुशार पोर सगळं करतं, बाकीचे नाव लावतात. त्यावर मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांनी १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत तोडगा काढला. धड्याचे तुकडे करून प्रत्येकाला एकच द्यायचा. मग दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय धडा पुरा होत नाही. आपल्या पाच जणांतही आजी एकाकडे, पावसाचे आकडे दुसऱ्याकडे, जुनी वर्तमानपत्रं तिसऱ्याकडे, असं वाटून द्यावं.

भेगांचा फोटो शेवटी गेला. त्या जागी काळा पडदा आणि नुसता आजीचा आवाज. तेवढ्यात इतका वेळ गप्प बसलेला पाचवा म्हणाला, “पण आजीला विचारलंय का?”