ताटातली भाजी आणि कृष्णाकाठची शेती

प्रौढ माणसाने दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळे व भाज्या खाव्यात, आणि त्यात बटाटा धरू नये, असे जागतिक आरोग्य संघटना व अन्न आणि कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००३ मध्ये सांगितले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये त्याहून पुढे जाऊन ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे असे प्रमाण दिले. सांगलीसारख्या बागायती जिल्ह्यातही अनेकांचे ताट या मापाला पुरत नाही. याचे खापर सहसा अज्ञानावर किंवा आळसावर फोडले जाते. खरे कारण बरेचसे शेताच्या इतिहासात आहे.

या भागात जेवण म्हणजे भाकरी, आणि भाजी हे तिच्याबरोबरचे कोरड्यास. भाकरी घशाखाली उतरावी एवढ्यापुरतेच ते असायचे, त्यामुळे ते किती असावे याचे माप कोणी ठरवले नाही. मात्र ते फुकट मिळत असे. भांगलणीला, म्हणजे पिकातले तण काढायला, गेलेल्या बायका दिवस मावळताना तांदुळजा, घोळ, पाथरी अशा रानभाज्या पदरात बांधून आणीत. शाळवाच्या (रब्बी ज्वारीच्या) रानात हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडायला मिळत, आणि खरिपात बांधाकडेला काकडी-वाळकाचे वेल असत. त्या काळाचे गोडवे गाण्याचेही कारण नाही, कारण उन्हाळ्यात चटणी-कांद्यावरच भागे, आणि १९७२ च्या दुष्काळात तर भाकरीचीच भ्रांत होती.

मोठा बदल उसाने केला. १९५० नंतर सहकारी साखर कारखाने उभे राहिले, वसंतदादा पाटलांच्या पुढाकाराने सांगलीचा कारखाना निघाला, आणि कृष्णा-वारणेच्या पाण्यावर उपसा योजना झाल्या. आडसाली ऊस दीड वर्ष रान अडवतो. लागणीनंतरचे काही महिने सरीच्या वरंब्यावर मेथी, कोथिंबीर, मुळा निघतो. एकदा बांधणी होऊन ऊस दाटला की खाली काही येत नाही. पुढे मजूर महागले आणि भांगलणीची जागा तणनाशकाने घेतली. उसात सर्रास फवारले जाणारे टू-फोर-डी हे नेमके रुंद पानांचे तण मारते, आणि ज्याला शेतकरी तण म्हणत होता त्यातलेच निम्मेअधिक स्वयंपाकघराची पालेभाजी होते. ही भाजी पिकांच्या कोणत्याच आकडेवारीत नव्हती, म्हणून ती गेल्याची नोंदही कुठे झाली नाही.

मग भाजी विकत आली. उसाचे पैसे हप्त्यांनी येतात. मेथीची पेंढी मात्र रोख पैशांत घ्यावी लागते, तीही आठवड्याच्या बाजारात. पालेभाजी पहिल्या दोन दिवसांत संपवावी लागते, नाहीतर ती सुकते. त्यानंतर वांगी, मग बटाटा, मटकीची उसळ, पिठलं, आणि बाजाराच्या आदल्या दिवशी नुसती आमटी. गंमत अशी की, भाकरीबरोबर लावायला काहीतरी असल्याने भाजी नसल्याचे जेवणाऱ्याला जाणवतच नाही. घरातली बाई सर्वांत शेवटी बसते, आणि तिच्या वाट्याला बहुधा रस्साच उरतो.

फळांची गोष्ट वेगळी. तासगाव-मिरजेची द्राक्षे, आटपाडीची डाळिंबे, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी ही सुरुवातीपासून विक्रीची पिके आहेत. चांगला माल पेटीत भरला जातो, आणि बऱ्याच द्राक्षांचा बेदाणा होतो. घरात फळ येते ते उपवासाला, आजाऱ्याला भेटायला जाताना किंवा पोरांसाठी. धडधाकट माणसाने स्वतःसाठी डझनभर केळी घेतली, तर उपवास आहे का, असे आजही विचारले जाते.

सरकारी धोरणाने ही घडी बदलली नाही, कारण त्याचा रोख पोट भरण्यावर आणि मुलांवर होता. अंगणवाडी १९७५ मध्ये आली, शाळेतल्या आहाराची केंद्रीय योजना १९९५ मध्ये, आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने मोठ्यांना स्वस्त धान्याचा हक्क दिला. रेशनच्या पिशवीत गहू-तांदूळ आले. भाजी बाजारभावानेच घ्यायची राहिली.