आधी पत्र, मग बूट: वनशास्त्राच्या इंटर्नशिपसाठी परदेशी निघताना

इंटर्नशिपचं पत्र हातात पडलं की बहुतेक मुलंमुली त्याच आठवड्यात यादी घेऊन आमच्याकडे येतात. यादी सीनियरने दिलेली असते, आणि तो सीनियर भलत्याच देशात, भलत्याच कामावर जाऊन आलेला असतो. जंगलात लागणारे बूट, कपडे आणि मोजणीची उपकरणं आम्ही विकतो, दुरुस्तही करतो. तरी या माहितीपत्रकात काय घेऊ नये हेच जास्त सापडेल. पाकीटसुद्धा न फोडलेल्या वस्तू परत करायला आलेले चेहरे आम्ही पुष्कळ पाहिलेत.

म्हणून आधी तिथल्या मार्गदर्शकाला मेल टाका. रोजचं काम नेमकं काय असेल: मोजणी, रोपवाटिका, झाडतोड, की खोलीत बसून नकाशे? संरक्षक साहित्य कोण देणार? उपकरणं त्यांची की आपापली? उत्तर आलं की यादी बहुतेक वेळा निम्मी होते.

सगळ्यात आधी कटते ती चेनसॉची पँट, म्हणजे झाडं तोडायच्या साखळीच्या यंत्रकरवतीपासून पाय वाचवणारी पँट. प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र नसलेल्या इंटर्नच्या हातात शहाणा माणूस चेनसॉ देत नाही. तरीही आणायला सांगितलीच असेल, तर लेबल वाचायला शिका. युरोपीय मानकातला वर्ग 1 म्हणजे सेकंदाला 20 मीटर वेगाने फिरणाऱ्या साखळीवर तपासलेलं कापड. टाइप ए फक्त पुढच्या बाजूने वाचवते, टाइप सी सगळीकडून. आत लांब धाग्यांचे थर असतात. ते साखळीत गुंततात आणि तिला जागच्या जागी अडवतात. त्यामुळे एकदा साखळी लागलेली पँट बाद. ती आम्ही शिवून देत नाही, कितीही गळ घातलीत तरी.

कागदपत्रं हा आमचा धंदा नाही, पण दोन ठिकाणी लोक हमखास अडकतात. एक, पगार नाही म्हणून पर्यटक व्हिसा चालेल हा समज. बहुतेक देशांत बिनपगारी इंटर्नशिपलाही वेगळा व्हिसा किंवा परवाना लागतो, तेव्हा दूतावासाकडून लेखी उत्तर घ्या. दुसरं, प्रवास विमा. अंगमेहनतीचं काम, उंचीवरचं काम, यंत्रांचा वापर हे सगळं साध्या पॉलिसीत बारीक अक्षरांत वगळलेलं असतं. विमा कंपनीला ‘शिक्षण’ एवढंच कळवू नका. ‘जंगलात, उतारावर, झाडांची मोजणी’ असं सांगा आणि मग काय उत्तर येतं ते बघा.

लशींना तारखा असतात. पीतज्वराचं प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर 10 दिवसांनी लागू होतं. 2016 पासून ते आयुष्यभर चालतं. मध्य आणि उत्तर युरोपच्या काही भागांत गोचिडींमधून मेंदूज्वर पसरतो. त्यावरच्या लशीचे तीन डोस असतात आणि पहिल्या दोन डोसांतच साधारण एक ते तीन महिने जातात. म्हणजे डॉक्टरांकडे जायची वेळ आमच्याकडे यायच्या बरीच आधीची. गोचीड चिकटलीच तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल लावणं, काडीने चटका देणं हे प्रकार नकोत. असा चिमटा आमच्याकडे मिळतो, आणि यादीतली हीच एक वस्तू आम्ही डोळे झाकून घ्या म्हणतो.

आता मोजणी. खोडाचा, जमिनीपासून छातीच्या उंचीवरचा व्यास सगळे शिकतात, पण छाती देशागणिक बदलते. युरोपात बहुतेक ठिकाणी 1.3 मीटर, अमेरिकेत साडेचार फूट म्हणजे 1.37 मीटर, न्यूझीलंडमध्ये 1.4 मीटर. एका झाडापुरता हा फरक किरकोळ वाटतो. पण कायम प्लॉटमधली, म्हणजे अभ्यासासाठी कायमच्या आखून ठेवलेल्या तुकड्यातली, तीच झाडं काही वर्षांनी पुन्हा मोजतात; खोड वर निमुळतं होत जातं, आणि चुकीच्या उंचीवर घेतलेलं माप सरळ वाढीच्या आकड्यात शिरतं. आमची एक ग्राहक घरून काठीवर पक्क्या शाईने खूण करून गेली होती. तिथे पोचल्यावर पहिल्याच दिवशी खूण खरवडावी लागली. उंची तिथे गेल्यावर विचारा, खूण मग करा. आणि उतारावर उंची वरच्या बाजूने मोजायची, हे पाठ असूनही दमल्यावर विसरायला होतं.

टेप घेताना व्यासाचा टेप आणि साधा टेप यांत गल्लत करू नका. व्यासाच्या टेपवर घेराला पायने (π, साधारण 3.14) भागून आलेले आकडे छापलेले असतात: घेर 94.2 सेंटिमीटर असेल तिथे टेप 30 दाखवतो. बऱ्याच टेपांवर एका बाजूला व्यास, दुसऱ्या बाजूला साधी लांबी असते. घाईत उलटी बाजू वाचली की कागदावर भलामोठा वृक्ष उभा राहतो.

होकायंत्र घेताना कुठे जाताय ते सांगा. उत्तर गोलार्धासाठी समतोल केलेली सुई दक्षिणेत एका बाजूला कलते आणि तबकडीला घासते. सुई बिघडली म्हणून परत आलेल्या होकायंत्रांत सुई ठणठणीत होती, गोलार्ध चुकला होता.

विमानात पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवायची. 100 वॅट-तासांपर्यंत साधारणपणे परवानगी लागत नाही; 20,000 एमएएचची बँक 74च्या आसपास बसते. सुरी, कोयता आणि खोडातून वर्षकड्यांची काडी काढायचं गिरमिट मात्र खालच्या सामानात.

बुटांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण नुकसान इथेच होतं आणि तुमच्या एकट्याचं होत नाही. फायटोफ्थोरा नावाचे बुरशीसारखे सूक्ष्मजीव मातीतून पसरतात आणि झाडांची मुळं कुजवतात. न्यूझीलंडमधल्या कौरी वृक्षांचा आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जारा वृक्षांच्या जंगलांचा घास यांच्याच दोन प्रजाती घेताहेत. तळव्याच्या खाचेत अडकलेली चिमूटभर माती त्यांना पुरते. म्हणून जुने बूट नेणार असाल तर लेस काढा, जीभ उलटी करा, खाचा जुन्या टूथब्रशने घासा, धुवा, पूर्ण वाळवा. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात उतरताना फॉर्मवर वापरलेले बूट जाहीर करा. जाहीर केलेत तर फार तर पुन्हा धुवायला लावतील. लपवलेत तर दंड.

नवे घ्यायचे असतील तर निघण्याआधी किमान सहा आठवडे या. नवं कातडं पायाला बसायला चढउतारावरच्या खऱ्या फेऱ्या लागतात, विमानतळावरच्या नाही. घरात फरशीवर वापरून पाहिलेले बूट आम्ही बदलून देतो, मातीत गेलेले नाही. माप घ्यायला संध्याकाळी या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. आणि जंगलात जे जाड मोजे घालणार तेच घालून या. पातळ मोज्यांवर घेतलेलं माप आम्ही लिहून घेत नाही.