दोन पिवळ्या: हळदीची साडी आणि विधीची साडी

कोल्हापुरात महाद्वार रोडवरच्या कुठल्याही दुकानात जाऊन "नवरीला पिवळी साडी दाखवा" म्हणा. समोरून प्रश्न येतो, "कितीपर्यंत दाखवू?" खरं तर विचारायला पाहिजे, "हळदीची का विधीची?" दुकानदार विचारत नाही, घेणाऱ्याला सुचत नाही, आणि मग लग्नाच्या आदल्या संध्याकाळी जो घोळ होतो तो निस्तरायला मावशी असतेच.

हळदीची साडी तुम्हाला ठाऊक आहे. आंब्याच्या पानानं पायाला, गुडघ्याला, खांद्याला, कपाळाला हळद लागते तेव्हा नवरीच्या अंगावर असते ती. (जाता जाता एक. शब्द 'हळद' आहे. "आमच्याकडे उद्या हळदी आहे" ऐकलं की माझं डोकं उठतं. आपल्यात मुलीला हळद लागते. हळदी कुठून आली?)

दुसरी पिवळी नेसायची ती गौरीहर पुजताना आणि विधीला बसताना. कोणी तिला अष्टपुत्री म्हणतं, 'अष्टपुत्रा सौभाग्यवती भव' या आशीर्वादातली. कोणी नुसतंच पिवळी म्हणतं. बऱ्याच घरांत ती मामाकडून येते. रंग पिवळा, काठ लाल नाहीतर हिरवा. हळदीच्या साडीचाही काठ तसलाच. घडी घालून शेजारी ठेवल्या तर लांबून सख्ख्या बहिणी.

आमच्याच घरात झालेलं सांगते. भाचीच्या हळदीला ऐनवेळी हळदीची साडी सापडेना. कोणीतरी म्हणालं, "ही पिवळीच आहे की, नेसवा." नेसवली. ती मामाची होती, रेशमी, जरीच्या काठाची. सकाळी गौरीहराजवळ पोरगी बसली तेव्हा साडी अर्धवट ओली, निऱ्यांवर तेलकट पिवळे पंजे उमटलेले, आणि मामा खांबाआड उभा राहून बघतोय. तोंडानं काही बोलला नाही बिचारा.

तेव्हा फरक रंगात शोधू नका. एक साडी खराब व्हायलाच आणलेली असते आणि दुसरी आयुष्यभर ठेवायला. घेताना एवढाच प्रश्न स्वतःला विचारायचा: हिच्यावर हळद पडणार, पाणी पडणार, उद्या ही साबणात आणि उन्हात जाणार, चालेल का? चालत असेल तर ती हळदीची, मग किंमत काही का असेना.

यात कापडाची गोष्ट आहे आणि ती कोणी नीट सांगत नाही. हळदीचा रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो, आणि लग्नाची हळद बहुतेक घरांत तेलातच कालवलेली असते. म्हणजे नुसतं पाणी ओतून डाग जात नाही. साबण लावला की डाग लालभडक होतो आणि बायका घाबरून आणखी घासतात. घाबरू नका, हळदीला साबणातला खार लागला की ती लाल होतेच, कुंकूही याच गुणावर बनतं. भरपूर पाण्यात खळबळलं की लाली उतरते, पिवळा मागं राहतो. त्या पिवळ्याला खरं औषध ऊन. हळदीचा रंग उन्हात फिका पडतो. सुती साडी साबणात धुवा, दोन-तीन दिवस गच्चीवर कडक उन्हात टाका, डाग बराच विरतो. रेशमाला यातलं काहीच सोसत नाही. घासलं की पोत जातो, उन्हात मूळ रंग उडतो, जरीचा काठ काळवंडतो तो वेगळाच. म्हणून माझं ठाम मत: हळदीला सुती, विधीला रेशमी. शेजारी इचलकरंजीत एवढे माग चालतात आणि आपण हळदीला आरसे-कवड्या लावलेली जॉर्जेट नेसवतो, हे मला समजत नाही. आरशात हळद अडकली की दात घासायचा ब्रश घेऊन बसावं लागतं. बसलेय मी.

ब्लाऊज आखूड बाह्यांचा शिवा, हळद कोपरापर्यंत लागते. परकर साडीच्याच रंगाचा, ओल्या पिवळ्यातून सगळं दिसतं. झालं.

नवरदेवाला जुना पांढरा सदरा पुरे. त्याला आधी हळद लागते आणि त्यातली उष्टी हळद नवरीकडे जाते, त्यामुळे त्याच्या फोटोची एवढी काळजी कोणी करत नाही.

पाहुण्यांनी पिवळंच घालावं हा नियम कुणी काढला ठाऊक नाही. पिवळ्यावर डाग दिसत नाही म्हणतात, पण लिंबाच्या रंगावर हळदीचा रंग चांगला उठून दिसतो. आपली हळद सांगलीची, २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेली, ती काय लपून राहणार? धुऊन टिकणारं काहीही घाला. आणि कोल्हापुरी पायतान दाराबाहेर काढून ठेवा. ते कातडं पाण्याचं वैरी आहे आणि हळदीच्या पाटाभोवती चिखल असतोच.

आता आमच्या घरात दोन्ही साड्या दोन पिशव्यांत असतात. हळदीच्या पिशवीवर जाड पेनानं 'आज' लिहिते, विधीच्या पिशवीवर 'उद्या'. 'उद्या'ची पिशवी कपाटात आणि कपाटाची किल्ली माझ्या कमरेला.