मायक्रोसॉफ्ट ३६५ चं लायसन्स: कोणाला कुठलं मिळतं, अर्जाला काय काय जोडायचं

महिन्याची एक तारीख आली की माझ्याकडे नवीन जॉइन झालेल्यांच्या मेल सुरू होतात आणि बहुतेकांत एकच ओळ असते, "सर, याला फुल ऑफिस द्या". आता फुल ऑफिस म्हणजे नेमकं काय ते पाठवणाऱ्यालाही माहीत नसतं आणि ज्याला हवंय त्यालाही नसतं. चाकणला आमच्या कंपनीत ऍडमिन मीच, हेल्पडेस्क मीच, प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी हाक मलाच, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. तुमच्याकडेही थोड्याफार फरकाने असंच चालत असेल.

आधी कोणाला काय मिळतं ते. बिझनेस बेसिक या प्लॅनमध्ये मेल, टीम्स, १ टीबी वनड्राइव्ह (फाइली ऑनलाइन ठेवायची जागा) आणि ब्राउझरमधलं वर्ड-एक्सेल, मोबाइलवरही चालतं, पण कॉम्प्युटरवर इन्स्टॉल होत नाही. बिझनेस स्टँडर्ड घेतलं की इन्स्टॉल करता येतं, एका माणसाला ५ पीसी किंवा मॅक, ५ टॅब आणि ५ फोन. प्रीमियममध्ये याच्यावर इंट्यून (लॅपटॉप-फोन लांबून सांभाळायला) आणि डिफेंडर (व्हायरस वगैरेंपासून संरक्षणाला) येतं, म्हणजे लॅपटॉप एसटीत विसरला तरी त्यातला कंपनीचा डेटा लांबून पुसता येतो, म्हणून आमच्याकडे फिरतीवरच्या सेल्सवाल्यांनाच देतो. या तिन्ही प्लॅनना प्रत्येकी ३०० युजरची मर्यादा आहे, त्याच्यापुढे ई३, ई५ या मोठ्या कंपन्यांच्या प्लॅनकडे जावं लागतं. शॉपफ्लोरवरच्या लोकांसाठी एफ३ असतं, स्वस्त पडतं, पण मेलबॉक्स फक्त २ जीबीचा, तिथे ड्रॉइंगच्या फाइली यायला लागल्या की भरलाच समजा.

लायसन्स हुद्द्यावर द्यायचं नसतं, कामावर द्यायचं असतं. हे सांगायला गेलं की लोकांना राग येतो. प्लांट हेड दिवसभर फोनवरच मेल बघतात, त्यांना बेसिक पुरतं. याउलट अकाउंट्समधल्या एका मॅडमना मी पैसे वाचवायला बेसिक दिलं, त्यांची पगाराची शीट सगळी मॅक्रोवर (एक्सेल फाइलमध्येच लिहिलेले छोटे प्रोग्राम), ब्राउझरमध्ये उघडली, आकडे दिसले, आणि "कॅल्क्युलेट" बटण दाबलं तर ढिम्म. वेबवरच्या एक्सेलमध्ये असे व्हीबीए भाषेतले मॅक्रो चालतच नाहीत. महिनाअखेर, माझ्या टेबलाजवळ तीन माणसं उभी. तेव्हापासून अर्जात पहिला प्रश्न तोच ठेवलाय, तुमच्या फाइलमध्ये मॅक्रो आहे का? असेल तर स्टँडर्ड, पद काहीही असो.

अर्जाबरोबर लागतं ते असं: एचआरकडून जॉइनिंगची तारीख आणि एम्प्लॉयी कोड, नावाचं स्पेलिंग एचआरच्या रेकॉर्डला आहे तसंच (नंतर मेल आयडी बदलून द्या म्हणून भांडायचं नाही), कुठल्या डिपार्टमेंटवर खर्च टाकायचा ते, लॅपटॉपचा ऍसेट नंबर आणि रिपोर्टिंग हेडची मेलवर मंजुरी. व्हॉट्सऍपवरचा अंगठा मंजुरीत धरत नाही, ऑडिटला तो दाखवता येत नाही हो. कॉन्ट्रॅक्टवरचा माणूस असेल तर शेवटची तारीख सुद्धा टाका, हाच रकाना सगळे रिकामा सोडतात.

कंपनी पहिल्यांदाच घेत असेल तर जीएसटी नंबर, पॅन, नोंदणीचा पत्ता, आणि डोमेन (मेल आयडीत @ च्या पुढचं नाव) आपलंच आहे हे दाखवायला डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या सेटिंगमध्ये, एक टीएक्सटी रेकॉर्ड (मजकुराची एक ओळ) टाकावा लागतो, वेबसाइटवाल्याला सांगितलं की तो टाकून देतो. जीएसटी नंबर सुरुवातीलाच भरा, १८ टक्क्यांचं इनपुट क्रेडिट हातचं जायला नको. रीसेलरकडून घेतलं तर एनईएफटीने पैसे भरता येतात, कार्डावर १५ हजारांच्या वरचं ऑटो पेमेंट ओटीपीशिवाय होत नाही. नोंदणीकृत सेवाभावी संस्था असाल तर पैसे भरायच्या आधी चौकशी करा, पात्र ठरलात तर बेसिक ३०० युजरपर्यंत फुकट मिळतं.

प्रत्यक्ष देणं पाच मिनिटांचं काम. ऍडमिन सेंटरमध्ये युजर्स, मग ऍक्टिव्ह युजर्स, नावावर क्लिक, लायसन्सेस अँड ऍप्स, टिक, सेव्ह. लोकेशनमध्ये देश (आपल्यासाठी इंडिया) निवडलेला नसेल तर लायसन्स चढत नाही. आणि एवढ्यासाठी कोणाला ग्लोबल ऍडमिन (सगळे अधिकार असलेला) करू नका, लायसन्स ऍडमिनचा रोल पुरतो, त्याला वाटप करता येतं, खरेदी करता येत नाही.

आता काढून घेणं, खरी गोची इथेच होते. परचेसमधला एकजण सोडून गेला, त्याच दिवशी मी लायसन्स काढून नवीन पोराला दिलं, स्वतःवर खूशही झालो. दीड महिन्याने साहेब म्हणाले, त्याच्या मेलमधली व्हेंडरची कोटेशन्स काढून दे. लायसन्स काढल्यावर मेलबॉक्स ३० दिवस राहतो, ते कधीच उलटून गेले होते. चूक माझीच. म्हणून आता आधी साइन-इन ब्लॉक, सगळीकडून साइन-आउट, मग लायसन्स असतानाच मेलबॉक्स शेअर्डमध्ये (म्हणजे दुसऱ्यांनाही उघडता येईल असा) बदलायचा, साहेबांना ऍक्सेस द्यायचा आणि मगच लायसन्स काढायचं. शेअर्ड मेलबॉक्सला ५० जीबीपर्यंत लायसन्स लागत नाही. फक्त अकाउंट डिलीट करू नका, त्याच्याबरोबर मेलबॉक्सही जातो. वनड्राइव्हच्या फाइली पण लगेच हलवा, जानेवारी २०२५ पासून बिनलायसन्सचं वनड्राइव्ह ९३ दिवसांनी बंद होतं.

आणि लायसन्स मोकळं झालं म्हणजे बिल कमी झालं असं नाही. वर्षाच्या करारात संख्या वाढवता कधीही येते, कमी करायची तर खरेदी किंवा रिन्यूअलनंतर फक्त ७ दिवस मिळतात, नाहीतर पुढच्या रिन्यूअलपर्यंत पैसे भरत राहायचे. महिन्या-महिन्याचा करार साधारण २० टक्के महाग पडतो, पण सीझनपुरती माणसं घेत असाल तर तोच परवडतो. आमचं रिन्यूअल मार्चअखेर असतं, म्हणून फेब्रुवारीत मी प्रत्येक हेडला त्यांच्या माणसांची यादी पाठवतो आणि दहा तारखेपर्यंत उत्तर नाही आलं तर त्यांच्या केबिनमध्ये जाऊन बसतो.