संजय गांधी निराधार अनुदान : पुणे जिल्ह्यात अर्ज कसा करायचा आणि पैसे नेमके कुठे अडतात

घरातला कमावता माणूस गेला की ग्रामीण कुटुंबाला पहिला फटका बसतो तो रोख पैशाचा. धान्य रेशनवर मोफत मिळतं, प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कार्डावर ३५ किलो. पण तेल, डाळ, गॅसची टाकी, शाळेची वही, दवाखान्याचं भाडं या सगळ्याला हातात नोटाच लागतात. त्या नसल्या की किराणा दुकानदाराच्या वहीत नाव चढतं आणि मग उधारीवर माल घेणाऱ्याला भाव विचारायची सोय उरत नाही. संजय गांधी निराधार योजनेतून दरमहा ठरलेल्या दिवसांत येणारे १५०० रुपये इथे उपयोगी पडतात. रक्कम लहान आहे, हे खरंच. पण पैसे ‘येणार’ हे दुकानदारालाही माहीत असतं, त्यामुळे पत टिकते. हेच पैसे तीन महिने तुंबून एकदम ४५०० आले, तर ते जुन्या देण्यात जातात आणि पुढचा महिना पुन्हा उधारीवर. म्हणून या योजनेत मंजुरी मिळवणं जितकं महत्त्वाचं, तितकंच हप्ता न चुकता खात्यात पडणं महत्त्वाचं. बहुतेक लोक पहिल्यावर जीव टाकतात आणि दुसऱ्यावर हेलपाटे घालत बसतात.

कोणाला मिळतं

संजय गांधी निराधार अनुदान योजना राज्य सरकारची आहे आणि १९८० पासून चालू आहे. वय १८ ते ६५ आणि किमान १५ वर्षं महाराष्ट्रात वास्तव्य, या दोन मुख्य अटी (१८ खालच्या अनाथ मुलांना वयाची अट लागत नाही). त्यात विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित महिला, ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेले, अनाथ मुलं, क्षयरोग, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग अशा दुर्धर आजारांमुळे स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणारे, तुरुंगात शिक्षा भोगणाऱ्याची पत्नी, ३५ वर्षांवरच्या अविवाहित निराधार महिला, आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याचं कुटुंब, देवदासी आणि तृतीयपंथी व्यक्ती येतात.

अनुदान जुलै २०२३ पासून सरसकट १५०० रुपये आहे. त्याआधी मुलांच्या संख्येनुसार रक्कम बदलायची, ती भानगड आता नाही. दिव्यांग लाभार्थ्यांना ऑक्टोबर २०२५ पासून २५०० रुपये.

६५ वर्षं पूर्ण झालेल्यांनी हा अर्ज करायचा नाही. त्यांच्यासाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. म्हणजे भोरमधल्या एखाद्या घरात ३६ वर्षांची विधवा सून आणि ६८ वर्षांच्या सासूबाई असतील, तर अर्ज दोन आणि योजनाही दोन.

उत्पन्नाचा दाखला : खरी अडचण इथे आहे

नाव दारिद्र्यरेषेखालील यादीत असावं किंवा कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावं. दिव्यांगांसाठी ही मर्यादा ५०,००० आहे.

आता हिशोब करून बघा. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. वर्षात ६८ दिवस कामावर गेलेली बाई कागदोपत्री या मर्यादेच्या बाहेर जाते. इतकी तुटपुंजी मर्यादा इतकी वर्षं तशीच ठेवणं आमच्या मते चूक आहे, पण अर्ज आजच्या नियमात बसवावा लागतो.

त्यामुळे आधी दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव आहे का ते ग्रामपंचायतीत पाहा. नाव सापडलं तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाकडून, यादीतल्या क्रमांकासह दाखला घ्या. उत्पन्नाच्या वादातून सुटका होते. यादीत बहुतेकदा नाव नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं असतं. तेव्हा रेशनकार्ड आणि मृत्यू दाखला जोडून, आपण त्याच कुटुंबातल्या आहोत हे दाखवावं लागतं.

यादीत नाव नसेल तर तहसीलदारांचा उत्पन्न दाखला हवा. गावच्या तलाठ्याकडे (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी) जाऊन चौकशी अहवाल घ्यायचा आणि सेतू केंद्रातून किंवा ‘आपले सरकार’ पोर्टलवरून अर्ज टाकायचा. यात दोन ठिकाणी घोळ होतो. एक म्हणजे, घरातल्या कोणीतरी मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी किंवा फी सवलतीसाठी त्याच वर्षी ६०,००० चा दाखला काढलेला असतो. एकाच कुटुंबाचे एकाच वर्षाचे दोन वेगळे आकडे समोर आले की अर्ज बाजूला पडतो. पुढच्या वर्षी काय काय काढायचं आहे ते आधी घरात ठरवा. दुसरं, रेशनकार्डावर दीर आणि त्याची बायको अजून एकत्र असतात. चूल वेगळी असली तरी कागदावर कुटुंब एक, म्हणून दिराची कमाईही मोजली जाते. पुरवठा शाखेत रेशनकार्ड विभक्त करून घ्यायला वेळ लागतो, म्हणून ते काम सगळ्यात आधी हातात घ्या.

दाखल्याची मुदतही पाहा. तो साधारणपणे ३१ मार्चपर्यंतच चालतो. फेब्रुवारीत अर्ज दिला आणि मंजुरी देणाऱ्या तालुका समितीची बैठक एप्रिलनंतर गेली, तर नवा दाखला मागितला जाऊ शकतो.

बाकीचे कागद

सगळ्यांना लागणारे : आधार, रेशनकार्ड, रहिवासाचा पुरावा, वयाचा पुरावा (शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मनोंद, काहीच नसेल तर ग्रामीण रुग्णालयातल्या वैद्यकीय अधिकाऱ्याचं वयाचं प्रमाणपत्र), बँक पासबुकाचं पहिलं पान, फोटो. त्यानंतर ज्याचा त्याचा खास कागद. विधवेला पतीचा मृत्यू दाखला. घटस्फोटितेला न्यायालयाचा आदेश. पोटगी मिळत असेल तर तीही २१,००० च्या हिशोबात धरतात. परित्यक्तेकडे असा एकच ठोस कागद नसतो, म्हणून तलाठी आणि ग्रामपंचायत अधिकारी यांच्या स्थानिक चौकशीवर सगळी भिस्त असते. चौकशीच्या दिवशी शेजारपाजारची दोन जाणती माणसं हजर ठेवा. आजारपणासाठी शासकीय रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. दिव्यांगांसाठी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं ओळखपत्र. त्याची नोंदणी स्वावलंबन पोर्टलवर होते आणि तपासणी शासकीय रुग्णालयात.

नाव सगळीकडे एकच आहे का, हे अर्जाआधी एका जागी बसून ताडून घ्या. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पासबुकावर आडनावाचं वेगळं स्पेलिंग, हे इतकं सर्रास आहे की त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण दुरुस्ती आधारची आधी करायची आणि बँकेची नंतर, कारण बँक आधार पाहूनच बदल करते. आधारला जोडलेला मोबाइल नंबरही बघा. बरेचदा तो गेलेल्या नवऱ्याचा असतो, सिम बंद पडलेलं असतं आणि ओटीपी कुठेच येत नाही.

अर्ज ते मंजुरी

अर्ज तहसील कार्यालयातल्या संजय गांधी योजना शाखेत द्यायचा. जुन्नरचा जुन्नरला, वेल्ह्याचा म्हणजे आताच्या राजगडचा तिथल्या तहसिलीत. पुण्याला जिल्हाधिकारी कचेरीत नेऊन उपयोग नाही. अर्ज दिल्याची पोच शिक्का आणि तारखेसह घ्या. ती नसेल तर पुढे कोणाला काही विचारताच येत नाही. नंतर तलाठ्यामार्फत छाननी होते आणि प्रकरण तालुका समितीपुढे जातं. तहसीलदार या समितीचे सदस्य सचिव असतात. बैठक लांबली तर सगळेच अर्ज लांबतात, त्यात तुमच्या कागदांचा दोष असेलच असं नाही. नामंजूर झालं तर कारण लेखी मागा, कारण ‘कागद अपुरे’ एवढ्यावर पुन्हा अर्ज करता येत नाही. नेमका कोणता कागद कमी पडला ते कळायला हवं. मंजुरी मिळवून देतो म्हणून पैसे मागणारा माणूस कचेरीबाहेर भेटतोच. समितीपुढे त्याचं काही चालत नाही.

मंजूर झालं, तरी खातं कोरडंच

या योजनेचे पैसे आता आधारवरून थेट खात्यात जातात, यालाच डीबीटी म्हणतात. अर्जात लिहिलेला खाते क्रमांक वेगळा असला तरी पैसे जातात ते आधार ज्या बँकेशी जोडलं आहे तिथे, आणि जोडणी एका वेळी एकाच बँकेची असते. सगळ्यात शेवटी जिथे जोडलं, ती बँक. गावात शिबिरात कोणी नवं खातं उघडून दिलं असेल, तर हप्ता तिकडे पडत असतो आणि बाई जुनं पासबुक घेऊन जिल्हा बँकेत खेटे घालत असते.

बँकेत ‘आधार दिलंय’ म्हणजे केवायसी (ओळखीची पडताळणी) झाली, एवढंच. अनुदानासाठी एनपीसीआय या बँकांचे व्यवहार जोडणाऱ्या राष्ट्रीय संस्थेकडे आधार सीडिंग, म्हणजे पैसे येण्यासाठी आधार-खात्याची जोडणी, व्हावं लागतं आणि त्याचा संमती अर्ज वेगळा भरावा लागतो. काउंटरवर ‘आधार लिंक करा’ म्हणू नका, ‘डीबीटीसाठी सीडिंग करा’ असंच म्हणा. स्थिती मोबाइलवर *९९*९९*१# लावून किंवा माय आधार पोर्टलवर तपासता येते. गावात बँक नसेल तर टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेत खातं उघडणं सोयीचं पडतं. सीडिंग तिथेच होतं आणि पोस्टमन घरी येऊन अंगठ्यावर पैसे देऊ शकतो.

नवऱ्यासोबतचं जुनं संयुक्त खातं चालवत बसू नका, स्वतःच्या एकट्या नावाचं खातं हवं. जनधनचं छोटं खातं असेल तर त्यातून महिन्याला १०,००० पेक्षा जास्त काढता येत नाही. कर्ता गेल्यावर मिळणारी राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेची मोठी रक्कम येणार असेल, तर आधी पूर्ण केवायसी करा.

दारिद्र्यरेषेखालच्या ४० वर्षांवरच्या विधवांना केंद्राच्या इंदिरा गांधी विधवा योजनेतून ३०० आणि राज्याकडून १२०० मिळतात. दोन नोंदी वेगवेगळ्या दिवशी पडल्या की ‘पैसे कापले’ असा समज होतो. बेरीज १५०० च असते.

सोबत काय चालतं, काय नाही

लाडकी बहीण आणि निराधार अनुदान, दोन्ही घेता येत नाहीत. शासनाच्या दुसऱ्या योजनेतून दरमहा १५०० किंवा जास्त मिळत असतील तर ती महिला लाडकी बहीणसाठी अपात्र ठरते. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कर्ता गेला असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे २०,००० एकरकमी मिळतात. त्याचा अर्ज त्याच शाखेत, बरेचसे कागद तेच, मग एकाच फेरीत तोही द्या. शेती नवऱ्याच्या नावावर असेल तर आधी सातबाऱ्यावर वारस नोंद करून घ्या. पीएम किसानचा हप्ता आपोआप बायकोच्या नावे वळत नाही, नवी नोंदणी करावी लागते.

चालू अनुदान बंद का पडतं

दरवर्षी १ जानेवारी ते ३१ मार्चमध्ये हयातीचा दाखला द्यायचा असतो. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेल्यांचा तो हमखास राहतो, म्हणून निघण्यापूर्वी शाखेत विचारून ठेवा. पुनर्विवाह झाला, नोकरी लागली किंवा उत्पन्न वाढलं तर कळवायला हवं. उगीच घेतलेली रक्कम वसूल होते. लाभार्थी वारल्यावर खात्यात आलेले हप्तेही घरच्यांनी काढायचे नसतात. आणि ६५ वर्षं पूर्ण व्हायच्या आधीच वयाचा पुरावा घेऊन शाखेत जा, म्हणजे नाव श्रावणबाळ योजनेत वर्ग होताना मधले महिने रिकामे जाणार नाहीत.